सैतानाने नव्हे, आइक झिमरमनने शिकवले

१/२२
मिसिसिपीतील एका निर्जन चौरस्त्यावर मध्यरात्री एका कृष्णवर्णीय तरुणाने सैतानाला आपला आत्मा विकला. सैतानाने त्याची गिटार हाती घेतली, तारा जुळवल्या आणि परत दिली. त्या रात्रीपासून रॉबर्ट जॉन्सन ब्लूजचा अनभिषिक्त सम्राट झाला! ही कथा मराठी समाजमाध्यमांवरही अधूनमधून नव्याने फिरते आणि प्रत्येक वेळी तिला भरघोस दाद मिळते. ती खोटी आहे एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. ती कोणाचे श्रम गिळून बसली आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

२/२२
या धाग्याचे प्रतिपादन साधे आहे. ब्लूजची गिटार ही शिकण्याची विद्या होती. तिला गुरू होते, पाठ होते, रियाज होता, ऐकून घासून घ्यायच्या तबकड्या होत्या, छापील चिजाही होत्या. सैतानाच्या कथेने हा सारा व्यवहार पुसून टाकला. त्याची किंमत दोघे मोजतात: ज्यांनी विद्या घडवली ते विस्मृतीत गेलेले शिक्षक, आणि आज पहिल्यांदा गिटार हाती घेऊन तिसऱ्या महिन्यात 'आपल्यात ते नाहीच' असे ठरवून टाकणारा शिकाऊ.

३/२२
प्रथम निर्विवाद भाग. रॉबर्ट जॉन्सनचा जन्म ८ मे १९११, हेझलहर्स्ट, मिसिसिपी. बालपणाचा काही काळ मेम्फिसमध्ये, तारुण्य उत्तर मिसिसिपीतील रॉबिन्सनव्हिल परिसरात. मृत्यू १६ ऑगस्ट १९३८, ग्रीनवुडजवळ, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी. ध्वनिमुद्रणे दोन वेळा झाली: नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो येथे आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे. गीते एकूण २९. त्याच्या कीर्तीचा सारा डोलारा या २९ गीतांवर उभा आहे.

४/२२
दंतकथेचे बीज सन हाउस या ज्येष्ठ वादकाच्या आठवणीत आहे. १९३० च्या सुमारास तो रॉबिन्सनव्हिल भागात वाजवत असे. कोवळा जॉन्सन तेव्हा माउथ ऑर्गन बरा वाजवी. पण विश्रांतीच्या वेळी मोठ्यांची गिटार उचलून जे काही करी, त्याने श्रोते वैतागत. पुढे तो गाव सोडून गेला, आणि परतला तेव्हा त्याचे वादन ऐकून सन हाउस थक्क झाला. मूळ आठवण एवढीच. आत्मा विकल्याचा उल्लेख सन हाउसच्या नावावर येतो तो पीट वेल्डिंगच्या १९६६ मधील लेखात, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी.

५/२२
चौरस्त्याचा तपशील तर दुसऱ्याच माणसाचा आहे. टॉमी जॉन्सन हा ब्लूज गायक रॉबर्टचा नातलग नव्हता. केवळ आडनाव सारखे. टॉमीने चौरस्त्यावर जाऊन विद्या मिळवल्याची कथा त्याचा भाऊ लेडेल याने संशोधक डेव्हिड एव्हान्स यांना सांगितली आणि ती एव्हान्स यांच्या १९७१ मधील टॉमीवरील पुस्तकात छापली गेली. एका जॉन्सनची कथा दुसऱ्या जॉन्सनच्या अंगाला चिकटली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नाही: कीर्तिमान माणूस शेजाऱ्यांच्या आख्यायिका आपल्याकडे ओढून घेतो.

६/२२
पुढचे काम बाजाराने केले. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने जॉन्सनच्या गीतांची दीर्घ तबकडी काढली. अमेरिकेतील व इंग्लंडमधील गोऱ्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली, पण गायकाविषयी त्यांच्याजवळ माहिती जवळपास नव्हती. त्या पोकळीत सैतान येऊन बसला. १९८६ मध्ये 'क्रॉसरोड्स' हा चित्रपट आला आणि कथेवर शिक्कामोर्तब झाले. आज क्लार्क्सडेल गावी ६१ व ४९ क्रमांकाचे महामार्ग जिथे मिळतात, तिथे निळ्या गिटारींचा खांब उभा आहे आणि पर्यटक त्याखाली छायाचित्रे काढतात.

७/२२
आता पुरावा म्हणून पुढे केले जाणारे 'क्रॉस रोड ब्लूज' हे गीतच ऐकावे. त्यात सैतानाचे नावही नाही. एक वाटसरू चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. दिवस मावळत चालला आहे आणि कोणी वाहनात घेत नाही. मिसिसिपीत, वंशभेदाच्या कायद्यांच्या आणि झुंडबळींच्या काळात, अनोळखी रस्त्यावर अंधारात एकटे सापडणे ही कृष्णवर्णीय माणसासाठी जिवावरची गोष्ट होती. गीतातील भय भूलोकीचे आहे. त्याला पाताळात ढकलले की ते भय निर्माण करणारी समाजव्यवस्था आपसूक निर्दोष सुटते.

८/२२
लोकश्रद्धेची टवाळी करणे हा येथे हेतू नाही. तिठ्यावर उतारा ठेवणाऱ्या समाजाला चौरस्त्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांमध्येही अशी श्रद्धा होती. हॅरी हायट या संग्राहकाने १९३० च्या दशकात अशा कितीतरी कथा टिपल्या. शिवाय सैतान हा जाहिरातीचाही ऐवज होता. चर्च ज्या संगीताला सैतानाचे म्हणून हिणवी, त्याच शिव्येचा बिल्ला छातीवर लावून पीटी व्हीटस्ट्रॉ हा गायक स्वतःला 'सैतानाचा जावई' म्हणवून तबकड्या खपवत असे. श्रद्धा खरी होती, जाहिरात खरी होती. चरित्र म्हणून त्यांचा वापर मात्र खोटा आहे.

९/२२
मग मधल्या काळात घडले काय? जॉन्सन आपल्या जन्मगावाच्या, हेझलहर्स्टच्या परिसरात गेला. जन्मदात्या पित्याचा शोध हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तिथे त्याला आइक झिमरमन भेटला. वयाने मोठा, कुटुंबवत्सल, उत्तम गिटारवादक. ब्यूरगार्ड या लहानशा गावी झिमरमनच्या घरीच जॉन्सन काही काळ राहिला आणि त्याच्याजवळ शिकला. चरित्रकार ब्रूस कॉनफोर्थ यांनी झिमरमनच्या कुटुंबीयांना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्यामुळे हे प्रकरण आज तपशिलाने ठाऊक आहे.

१०/२२
त्या आठवणींतला सर्वांत बोलका तपशील स्मशानाचा आहे. गुरुशिष्य रात्री जवळच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवर बसत आणि वाजवत. कारण अगदी घरगुती होते: तिथे शांतता असे आणि कोणाची झोप मोडत नसे. घरात मुलेबाळे, दिवसा कामधंदा, मग रियाजाला जागा उरते कोणती? भुताखेतांच्या शोधात जाणाऱ्याला या दृश्यात थरार दिसेल. वास्तविक तो रात्रीचा वर्ग होता. ज्याने तो घेतला, त्या झिमरमनची एकही तबकडी निघाली नाही. त्याचे नाव सांगण्याचे काम इतिहासानेच करायचे होते. ते श्रेय सैतानाला देऊन टाकले गेले.

११/२२
कालगणनाही पाहावी. सन हाउसच्या आठवणीत जॉन्सनचे गायब होणे काही महिन्यांचे आहे; चरित्रकारांच्या हिशेबाने ते वर्षभराहून अधिक भरते. त्यानंतर पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९३६ मध्ये. म्हणजे ज्याला 'एका रात्रीचा चमत्कार' म्हणतात, त्याच्यामागे गुरूगृहीचा रियाज आणि रस्तोरस्ती, दारूच्या गुत्त्यांत व नाचगाण्याच्या बैठकांत वाजवण्याची किमान पाच वर्षे उभी आहेत. त्याच्या काही गीतांची दोन-दोन मुद्रणे उपलब्ध आहेत. ती शेजारी ठेवून ऐकली तर रचना किती सारखी आहे ते लक्षात येते. हे झपाटलेल्याचे उत्स्फूर्त बरळणे नाही. घोटून पक्के केलेले काम आहे.

१२/२२
हे काम कोणते, हे शिकाऊ माणसाने जाणून घ्यावे. ब्लूजचा सांगाडा बहुधा बारा बारांचा. चार मात्रांचा एक बार. असे बारा मिळून एक आवर्तन. 'ई' या सुरात वाजवायचे तर पहिले चार बार ई कॉर्ड, पुढचे दोन ए, पुन्हा दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए आणि शेवटचे दोन ई. गाण्याची पहिली ओळ एकदा म्हणायची, तीच दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो, त्या रिकाम्या जागेत गिटार बोलते. सांगाडा एका दुपारी पाठ होतो. तो न अडखळता सलग दहा मिनिटे चालवणे हे आठवड्यांचे काम आहे.

१३/२२
त्यानंतर खरी परीक्षा उजव्या हाताची. अंगठ्याने जाड तारांवर खर्जाची चाल अखंड धरून ठेवायची, आणि त्याच वेळी इतर बोटांनी बारीक तारांवर सूर काढायचे. सुरुवातीला अंगठा बोटांच्या मागे फरफटत जातो. तो स्वतंत्र होईपर्यंत गाणे उभे राहत नाही. जॉन्सनच्या वादनातील ती ठेक्यात चालणारी खर्जाची चाल पियानोवादकांच्या डाव्या हातासारखी आहे. पियानोची रीत गिटारीवर उतरवणे हा त्या पिढीचा मोठा उद्योग होता. आज बहुतेक शिकाऊ जी पहिली ब्लूज चाल गिरवतात, ती हीच. तिच्यामागे विचार आहे, भाषांतर आहे, कारागिरी आहे.

१४/२२
गिटारीच्या तारा लावण्याच्या पद्धतींचा इतिहास तर दंतकथेला थेट उत्तर देतो. ब्लूज वादकांच्या दोन लाडक्या पद्धती 'स्पॅनिश' आणि 'वेस्टापोल'. दोन्हींत तारा अशा लावतात, की एकही बोट न दाबता सर्व तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजते. ही नावे आली कुठून? हेन्री वॉरॉल या शिक्षकाने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्पॅनिश फँडँगो' आणि 'सेबास्टपोल' या दोन गिटाररचनांमधून. दुसरीचे नाव क्रिमियन युद्धातील वेढ्यामुळे गाजलेल्या शहराचे. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत वाजणाऱ्या छापील चिजा हातोहाती, कानोकानी कापसाच्या शेतांपर्यंत पोहोचल्या. चौरस्त्यावर तारा जुळवून देणारा हात शोधायचाच असेल, तर तो संगीतशिक्षकाच्या छापील पानावर सापडतो.

१५/२२
दुसरा गुरू म्हणजे तबकडी. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज' या तबकडीने कृष्णवर्णीय श्रोत्यांची बाजारपेठ उघड केली आणि पुढच्या दशकात ब्लूजच्या तबकड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. जॉन्सन त्या कान देऊन ऐकत असे. त्याच्या 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'च्या मागे स्किप जेम्सचे १९३१ मधील 'डेव्हिल गॉट माय वुमन' आहे. 'स्वीट होम शिकागो'च्या मागे कोकोमो अर्नोल्डचे गीत, आणि अर्नोल्डच्याही मागे स्क्रॅपर ब्लॅकवेलचे १९२८ मधील गीत. ही चोरी नव्हे. परंपरा अशीच चालते. ऐकावे, उतरवावे, मोडावे, आपले करावे.

१६/२२
दंतकथेचा साक्षीदार मानला गेलेला सन हाउसही असाच शिकलेला. तरुणपणी तो धर्मोपदेशक होता आणि गिटारीला नाक मुरडत असे. पंचविशीच्या आसपास, १९२७ च्या सुमारास, त्याने एका वादकाला बाटलीचा गळा बोटात घालून तारांवर घासताना ऐकले आणि तो पालटला. त्याने एक जुनी गिटार घेतली. विली विल्सन नावाच्या वादकाने तिची डागडुजी करून दिली, तारा लावून दिल्या. १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीसाठी सन हाउसची ध्वनिमुद्रणे झाली. तीन वर्षांत, मधला काही काळ पार्चमनच्या तुरुंगशेतावर काढूनही! त्याच्याबद्दल कोणी सैतानाची कथा रचली नाही, कारण तो दीर्घायुषी होता आणि विचारल्यास स्वतः उत्तर देत असे.

१७/२२
१९४१ च्या ऑगस्टमध्ये संशोधक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचा जॉन वर्क मिसिसिपीतील स्टोव्हल मळ्यावर पोहोचले. तिथे राबणाऱ्या मडी वॉटर्सने त्यांच्यासमोर गिटार वाजवली आणि बाटलीच्या गळ्याची रीत आपण सन हाउसकडून शिकलो हे नाव घेऊन सांगितले. त्याची पहिली गिटार आली ती घरचा घोडा विकून आलेल्या पैशांतून. तिला सुमारे अडीच डॉलर पडले. घोडा गेला आणि गिटार आली, हा सौदा त्या घराला किती जड गेला असेल! आत्मा विकल्याच्या कथेपेक्षा या सौद्याला अधिक वजन आहे.

१८/२२
एलिझाबेथ कॉटन हिचे उदाहरण दंतकथाकारांच्या गावीही नसते, कारण ती स्त्री होती. नॉर्थ कॅरोलिनातील ही मुलगी दुसऱ्यांच्या घरी कामाला जाई; पगार महिना ७५ सेंट. त्यातून साठवून तिने ३ डॉलर ७५ सेंटांची गिटार घेतली. ती डावखुरी. उजव्या हाताची गिटार तिने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे खर्ज बोटांकडे आला आणि सूर अंगठ्याकडे. त्या अडचणीतून घडलेली तिची बोटांची रीत आज जगभर शिकवली जाते. विवाह, चर्च आणि घरकाम यांत अनेक दशके गिटार सुटली. तरी पहिली स्वतंत्र तबकडी १९५८ मध्ये निघाली आणि १९८५ मध्ये ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

१९/२२
आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस? हा अंध धर्मोपदेशक न्यू यॉर्कमध्ये आपल्या घरी रीतसर शिकवणी घेत असे. पाच डॉलरांत सुरू झालेला पाठ तासन्‌तास चाले. त्याच्या शिष्यांपैकी स्टीफन ग्रॉसमन याने पुढे ही विद्या पुस्तकांत आणि पाठमालांत उतरवली. शुल्क ठरलेले, पाठ ठरलेला, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. ब्लूज 'शिकवता येत नाही' असे म्हणणाऱ्यांनी या घराचा पत्ता विसरू नये.

२०/२२
सर्वांत उपरोधिक प्रसंग १९६४ मधला. दीर्घकाळ संगीतापासून दूर राहिलेला सन हाउस रॉचेस्टर शहरात सापडला. हातातली विद्या गंजली होती. तेव्हा अ‍ॅल विल्सन या विशीतल्या गोऱ्या तरुणाने जुन्या तबकड्यांवरून सन हाउसचीच गाणी सन हाउसलाच पुन्हा वाजवून दाखवली आणि १९६५ मध्ये सन हाउसची नवी तबकडी निघाली. एकदा मिळालेली सैतानी देणगी अशी गंजत नाही. गंजते ते कौशल्य. आणि रियाजाने परत येते तेही कौशल्यच.

२१/२२
येथे एक आक्षेप घेतला जातो: कथेमुळेच तर तरुण ब्लूजकडे वळतात, मग बिघडले कुठे? वळतात हे खरे. परंतु तीच कथा त्यांना परतही पाठवते. विद्या वरदानाने मिळते असे मानणारा, बोटे सोलली आणि अंगठा अडखळला की वरदान नाकारले गेले असे समजतो. याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे 'ब्लूज म्हणजे तीन कॉर्ड आणि भावना. ते काळ्यांच्या रक्तातच असते' हे विधान. एकात सैतान, दुसऱ्यात रक्त. दोन्हींत कृष्णवर्णीय माणसाच्या बुद्धीला आणि मेहनतीला जागा नाही. गोऱ्या संगीतकाराला 'साधना' आणि काळ्याला 'जादू' अशी ही वाटणी आहे. तिला कौतुक म्हणणे ही फसवणूक होय.

२२/२२
म्हणून नव्याने गिटार हाती घेणाऱ्याने एक तबकडी निवडावी, एक गीत निवडावे. आधी नुसता अंगठा चालवावा, मग त्यावर एक सूर ठेवावा, मग दोन. ते गीत त्या गायकाने कोणाकडून घेतले हे शोधावे आणि त्या आधीच्या माणसालाही ऐकावे. रात्री घरात कोणी झोपले असेल तर झिमरमनप्रमाणे अशी जागा शोधावी, जिथे चुकीचा सूर कोणाला त्रास देणार नाही. आणि पुढच्या वेळी चौरस्त्याची कथा कोणी सांगू लागला, तर त्याला एकच नाव विचारावे: ब्यूरगार्डच्या दफनभूमीत रात्री शिकवणी घेणारा तो माणूस कोण होता?